जमिनीपासून २५ सेंटिमीटर

मासेमारी बंदीचे दोन महिने हा माझ्या दवाखान्यात मांजरांचा हंगाम असतो. १ जूनला बंदी लागते, ३१ जुलैला उठते. मिरकरवाडा बंदरात होड्या ताडपत्र्या पांघरून गप्प पडलेल्या असतात. जेटीवर पाट्यांची आपटाआपट नसते, लिलावाची ओरड नसते. वर्षभर जाळ्यातून गळालेल्या मांदेली-ढोम्यांवर गुबगुबीत झालेली बंदरावरची मांजरं बघता बघता हाडांवर येतात आणि पोटासाठी वर गावात सरकतात. गावात आगोटीची बेगमी झालेली असते. पडवीत सुके बांगडे टांगलेले, डब्यांत सोडे भरलेले. मांजरं त्यांवर झडप घालतात, केरसुणीचा मार खातात, आणि परक्या हद्दीत शिरल्याबद्दल तिथल्या बोक्यांकडून फाडून घेतात. चाव्याची जखम वरून टाचणीच्या टोकाएवढी दिसते. चार दिवसांनी आत लिंबाएवढं गळू झालेलं असतं. जून-जुलैत मी अशी गळवं फोडत असते.

रत्नागिरीत जनावरांची डॉक्टर म्हणून मला पंचवीसच्या वर वर्षं झाली. शिक्षण परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात झालं. १८८६ सालचं ते कॉलेज, आणि शेजारच्या दवाखान्याला मुंबईकर अजून ‘बैलघोडा हॉस्पिटल’च म्हणतात. नावावरूनच कळावं, मांजराचा नंबर कितवा. आमच्या वेळी गाय-म्हैस पहिल्या रांगेत, मग घोडा, शेळी, कुत्रा. मांजराचं काय, तर कुत्र्यासारखंच, फक्त डोस कमी. ही समजूत किती खोटी ते पुढे मांजरांनीच शिकवलं. कुत्र्याला आणि माणसाला चालणारी कितीतरी औषधं मांजराच्या यकृताला निस्तरता येत नाहीत. अंग गरम लागतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल चुरून दुधातून पाजलेली मांजरं मी पाहिली आहेत. हिरड्या तपकिरी, तोंड सुजलेलं, श्वासाला धाप. एक गोळीसुद्धा जीव घ्यायला पुरते. हे वाचणाऱ्या एकानेही ती गोळी परत डब्यात ठेवली तर या लेखाचं काम झालं. पण मला सांगायचंय ते वेगळंच.

मांजराबद्दल मला असं बरंच ठाऊक होतं. मांजराला माझा दवाखाना कसा दिसतो, हे ठाऊक नव्हतं. ते असायला हवं असंही कधी वाटलं नव्हतं. ते थोडंफार दिसलं २०२३च्या पावसाळ्यात, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, मुलाबरोबर व्हिडिओ गेम खेळताना.

मुलगा पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहे. जुलैत घरून काम करायची मुभा मिळाली म्हणून आला, तो बॅगेत प्लेस्टेशन घेऊन. पाऊस असा की अंगणातला फणस दिसेना. दवाखाना बंद करून मी घरी आले तर टीव्हीवर एक तांबडं मांजर बसलेलं.

“आई, बस इथे. तू मांजर.”

“दिवसभर मांजरांचंच करून आलेय रे. आता मांजर कशाला होऊ?”

“अगं, बघ तर. चुका काढायला मिळतील तुला.”

या आमिषाला मी फसले.

खेळाचं नाव ‘स्ट्रे’, म्हणजे भटकं. फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातल्या ब्लूट्वेल्व स्टुडिओ नावाच्या छोट्या चमूने तो बनवला. एका मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून दोघांनी २०१५च्या सुमारास सुरुवात केली, आणि खेळ लोकांच्या हातात पडायला १९ जुलै २०२२ उजाडला. (आमच्याकडे तेव्हाही बंदीच चालू होती.) मोठ्या कारखान्यांबाहेर थोड्या माणसांनी मनासारख्या केलेल्या खेळांना ‘इंडी’ म्हणतात, असं मुलाने समजावलं; त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम इंडी खेळाचा मान याला मिळाला होता. गोष्ट अशी की माणसं नाहीशी झाली आहेत. वरून बंद केलेल्या एका शहरात फक्त यंत्रमानव राहतात, आणि आपल्या तीन सोबत्यांपासून ताटातूट झालेलं एक मांजर त्यात येऊन पडतं. त्याला बाहेर पडायचंय. शहर उभं केलंय ते हाँगकाँगच्या कौलून वॉल्ड सिटीवरून. ती दाटीवाटीची वस्ती १९९३-९४ साली पाडली. मांजर मात्र घरचं. त्या दोघांकडे मर्टॉ नावाचा, रस्त्यावरून घरात आलेला बोका होता, त्याच्यावरून हे सुचलं. हालचालींसाठी त्यांनी बिनकेसांच्या स्फिंक्स जातीच्या मांजराकडेही बघितलं, हे मुलाने वाचून दाखवलं तेव्हा मला त्या लोकांबद्दल आदर वाटला. मांजराचं सगळं कसब केसांखाली झाकलेलं असतं. ऑपरेशनसाठी आम्ही एखाद्याचं अंग भादरतो तेव्हा कळतं की एवढ्याशा देहाला केवढा खांदा दिलाय.

उलटं सोडलेलं मांजर हवेत कसं वळतं हे तुकड्यातुकड्यांत पकडायचा नाद फ्रेंचांना जुनाच म्हणा. एत्येन-ज्यूल मारे नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १८९४ साली त्याची छायाचित्रमालिका प्रसिद्ध केली होती.

खेळायला बसले आणि माझी फजिती सुरू झाली. एका अंगठ्याने चालायचं, दुसऱ्याने बघायचं. हाताची ही फारकत मला जमेना. पहिला अर्धा तास माझं मांजर भिंतीला नाक लावून उभं. मुलगा शांतपणे म्हणाला, “याला काहीतरी झालंय. डॉक्टरला दाखवायला हवं.” मी रिमोट त्याच्या अंगावर टाकला. पण दुसऱ्या दिवशी परत बसले. पाच-सहा तासांचा खेळ म्हणतात. मला सोळा रात्री लागल्या.

चुका काढायला बसलेली मी पहिल्या आठवड्यात नुसती मान डोलवत होते. खोक्यावर उगाच चढायचं, आत बसायचं. फळीवरची वस्तू पंजाने सरकवत सरकवत खाली पाडायची, आणि पडताना तिच्याकडे बघायचं. रिमोटच्या मागची दोन बटणं आळीपाळीने दाबली की डावा पंजा, उजवा पंजा, गालिच्यावर नखं ओढली जातात. खरी मांजरंही नखाची जुनी खपली अशीच काढतात. कागदी पिशवी डोक्यात अडकली की सगळी दिशाच उलटी होते. डावीकडे ढकललं तर उजवीकडे जातं. ऑपरेशननंतर टाके चाटू नयेत म्हणून आम्ही गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं बांधतो, तेव्हा मांजर असंच मागे मागे चालत भिंतीला जाऊन भिडतं. आणि सगळ्यांत कळस म्हणजे पट्टा. एक छोटं उडतं यंत्र त्याचं सोबती होतं आणि त्याच्या पाठीवर पिशवी बांधतं. बांधल्याबरोबर मांजर लुळं पडतं. जणू कणाच गेला. मग पोट जमिनीला घासत दोन पावलं. मी मोठ्याने हसले. ज्याने हे केलं त्याने स्वतःच्या हाताने मांजराला पट्टा बांधलेला आहे, हे मी लिहून देईन.

‘म्याँव’ला वेगळं बटण आहे. त्याचा खेळात काही उपयोग असो नसो, कधीही दाबा. मी फार दाबलं. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी म्याँव करून सहसा बोलत नाहीत. ती भाषा त्यांनी माणसांसाठी राखून ठेवलीय. तेव्हा माणसाच्या अंगठ्याखाली ते बटण असणं अगदी रास्त. झोपायचीही सोय आहे. ठरावीक जागी मांजर गोल होऊन झोपतं, चित्र हळूहळू मागे सरकतं आणि काहीच घडत नाही. एक तास झोपून काढला तर त्याबद्दल बक्षीस मिळतं. मी कमावलं नाही. मीच सोफ्यावर झोपले.

मग चुका सापडायला लागल्या.

पहिली, हे मांजर उडी चुकत नाही. बटण दिसलं की दाबायचं, ते बरोबर जागेवर पोचणार. खरं मांजर चुकतं. पाऊस झालेल्या कौलांवरून तर नेहमी चुकतं. घसरतं, लोंबकळतं, पडतं, आणि पडल्यावर लगेच बसून पाय चाटायला लागतं, म्हणजे आपल्याला वाटावं की चाटायलाच खाली उतरलं होतं. ही जी अब्रू सांभाळणं आहे ती खेळात नाही, आणि तिच्याशिवाय मांजर अपुरं आहे.

दुसरी, गुरगुर. खेळातलं मांजर अंग टाकून गुरगुरलं की रिमोट हातात थरथरतो. छान वाटतं. पण माझ्या टेबलावर मोडलेल्या मांडीची, शेवटच्या घटका मोजणारी मांजरंही गुरगुरलेली आहेत. गुरगुर म्हणजे सुख, हे आपण मांजरावर लादलंय.

तिसरी मोठी आहे. या शहराला वास नाही. तो खेळ बनवणाऱ्यांचा दोष नव्हे. टीव्हीला नाक नसतं. पण मांजराच्या जगातला मोठा भाग त्यामुळे बुडाला. खेळात मांजर यंत्रमानवाच्या पायाला अंग घासतं आणि त्याच्या चेहऱ्याच्या पडद्यावर बदाम उमटतो. खऱ्यात ते गालाच्या ग्रंथींमधला वास पुसून ‘हे माझं’ अशी सही करून जातं. मिरकरवाड्याच्या जेटीवर डोळे मिटून उभे राहा, आपल्यासारख्या अर्ध्या नाकाच्या प्राण्यालाही डिझेल, बर्फाचं पाणी, कालची तारली आणि आजची तारली वेगळी कळते. मांजराला तिथे काय काय कळत असेल, याची कल्पना करायला बटण नाही.

आणि चौथी चूक मतभेदाची. थोडा खेळ झाला की हे मांजर कामाला लागतं. कुणाच्या हरवलेल्या वह्या शोधून दे, वादकाला स्वरलिपीचे कागद आणून दे, एका म्हाताऱ्या यंत्रबाईला विजेच्या वायरी आणून दे म्हणजे ती त्यांचा अंगरखा विणेल. मांजर बिनतक्रार सगळं करतं. म्हणजे हा तर आमच्या दवाखान्यातला मदतनीस झाला! मुलगा म्हणाला, “आई, कामं नसली तर खेळ कसला होणार?” असेल. त्यापेक्षा त्याने मग दाखवलेलं ते बदक मला जास्त पटलं. मेलबर्नच्या चार-पाच जणांनी २०१९ साली काढलेला ‘अनटायटल्ड गूस गेम’. (ते खरं तर हंस, पण आमच्याकडे चार पावलं मागे लागून चावणाऱ्याला हंस म्हणवत नाही.) त्यातला पक्षी कुणाच्या उपयोगाचा नाही. माळ्याची किल्ली पळव, पोराचा चष्मा लांबव, आणि ‘हाँक’. ‘स्ट्रे’च्याच महिन्यात आलेला ‘एंडलिंग’ नावाचा कोल्हिणीचा आणि तिच्या पिल्लांचा खेळ मी अर्ध्यावर सोडला. भुकेली पिल्लं घेऊन अन्न शोधत फिरायचं. उत्तम आहे म्हणतात. पण घरी येऊनही तेच?

असो. दहाव्या-अकराव्या रात्रीपासून माझ्या लक्षात एक गोष्ट यायला लागली. हा खेळ मांजराच्या डोळ्यांतून दिसत नाही. आपण त्याच्या शेपटीमागे, वीतभर उंचीवर असतो. तेवढंही पुरतं. कुठेही नव्या ठिकाणी शिरलं की मी आधी वर बघायला लागले होते. छज्जा कुठे, पाइप कुठे, एसीचा डबा कुठे. खाली रस्त्यावर झर्क नावाचे किडे झुंडीने अंगावर येतात आणि चिकटतात. नुसते यंत्रमानवांचे पाय आले तरी मी बिचकून कडेला व्हायचे. आपण कोकणातली माणसं घाट्या चढून-उतरून वाढलो, पण ‘वर’ म्हणजे जीव वाचायची जागा, हे अंगठ्यात भिनायला मला हा खेळ लागला.

त्यानंतर तुरुंग आला. पुढे एका भागात मांजराला पकडतात, आणि शुद्ध येते तेव्हा ते एका टांगलेल्या पिंजऱ्यात असतं. करायचं एवढंच की अंग टाकून पिंजरा डावीकडे, उजवीकडे हलवत राहायचं, तो पडून उघडेपर्यंत. मुलगा बाजूला लॅपटॉपवर कुणाशी तरी बोलत होता. मी पिंजरा हलवत होते. आणि मला आठ वर्षांपूर्वीची ती भाटी आठवली.

राजिवड्याकडचे एक आजोबा तिला घेऊन आले होते. काळी-पांढरी, सात-आठ वर्षांची, कानात पू. आजोबांनी ती तारेच्या पोपटाच्या पिंजऱ्यात कोंबून आणली होती, कारण घरात दुसरं काही नव्हतं. शनिवारची संध्याकाळ, गर्दी. मी म्हटलं, ठेवा तिथे खाली, नंबर येईल तेव्हा बोलावते. पिंजरा बाकाशेजारी जमिनीवर ठेवला गेला. पाऊण तास. त्या पाऊण तासात शेजारून दोन कुत्रे गेले, एकाने पिंजऱ्याला नाक लावून भुंकून घेतलं. नंबर आला तेव्हा ती अगदी गप्प होती. गप्प मांजर म्हणजे शांत मांजर, असं मी समजले. दार उघडून सवयीने तिची मानगूट धरली. पुढचं दोन सेकंदात झालं. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत चार ओरखडे, औषधाच्या कपाटावर उडी, बाटल्या खाली, आणि वरच्या झडपेतून ती बाहेर. पावसात.

मी हात धुताना म्हटलं, “माजोरडीच दिसते.” आजोबा काही बोलले नाहीत. नंतर महिनाभर दर शनिवारी दाराशी यायचे. आत यायचे नाहीत. “डॉक्टरबाई, दिसली का हो?” दिसली नाही. कधीच दिसली नाही. दोष माझ्या दवाखान्याचा, म्हणजे माझा होता. हे मी तेव्हाही मान्य केलं असतं, पण झडप उघडी राहिली हा माझा दोष, असं मी धरून चालले होते.

पिंजरा पडून उघडला, मांजर बाहेर आलं, आणि मी रिमोट खाली ठेवला. मुलाने कानातलं काढून विचारलं, “काय झालं? अडकलीस?” म्हटलं, आज पुरे.

पुढचा रविवार. दवाखाना बंद असतो. मी किल्ली घेऊन गेले, मोजपट्टी काढली. मांजराचा खांदा जमिनीपासून साधारण २५ सेंटिमीटर. भिंतीला तेवढ्या उंचीवर पेन्सिलीने खूण केली आणि खुणेला डोळे येतील अशी फरशीवर आडवी झाले. पंचवीस वर्षं मी त्या खोलीत उभी होते. खालून ती दुसरीच खोली निघाली. बाकाच्या खालच्या बाजूला गंजलेले बोल्ट आणि कुणीतरी चिकटवलेला च्युइंगगम. कोपऱ्यातल्या खांबावर, कंबरेच्या खाली, कुत्र्यांनी वर्षानुवर्षं पाय वर केलेल्याचा पिवळट पट्टा. उभ्याने तो दिसत नाही. आणि फिनाइल. उभ्याने मला तो स्वच्छतेचा वास वाटायचा. फरशीवर नाक आल्यावर डोळ्यांतून पाणी आलं. फिनॉलच्या जातीची जंतुनाशकं मांजरांना बाधतात, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेले आहेत! माझ्या दवाखान्याची फरशी रोज सकाळी त्यानेच पुसली जात होती. तिच्यावर मी मांजरं ठेवायला सांगत होते. मांजर पंजे चाटतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

तेवढ्यात शटरखालून आमच्या मदतनिसाचे पाय दिसले. तो रविवारी कधी येत नाही. छत्री विसरला होता. “मॅडम?” म्हणाला आणि थबकला. मी म्हटलं, पडले नाही, बघतेय. सोमवारी हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

संध्याकाळी भावाला फोन केला. आमचं माहेर कुडाळकडचं. तिकडे वाघबारशीला गुराखी पोरं जमतात, त्यांच्यातलाच एक वाघ होतो, बाकीची त्याला आरडाओरडा करत पिटाळून लावतात. लहानपणी हा दोनदा वाघ झाला होता, आणि वाघ म्हणजे चार पायांवरच, असा त्याचा हट्ट. म्हटलं, वाघ झालास तेव्हा काय दिसायचं रे? तो म्हणाला, “पाय. नुसते पाय. आणि कोणाच्या हातात दगड आहे ते.” त्याला त्यासाठी प्लेस्टेशन लागलं नव्हतं.

दवाखान्यात मी मग जे केलं ते फार नाही. सुताराकडून प्रतीक्षेच्या खोलीत भिंतीला टेबलाच्या उंचीची एक लांब फळी ठोकून घेतली. मांजराची पेटी तिच्यावर, वर टॉवेल. फिनाइल बंद. दुपारी बारा ते एक फक्त मांजरं. कुत्र्यांना त्या वेळी दार बंद. तपासायला मांजर पेटीतून ओढून काढत नाही. पेटीचं वरचं झाकण उचलते आणि ते खालच्या अर्ध्या भागात बसलेलं असतानाच कान, दात, पोट बघून घेते. मानगूट धरणं सोडलं. आई पिल्लाला धरते म्हणून मोठ्या मांजरालाही ते चालतं, हे आम्हाला शिकवलं होतं आणि आम्ही पुढच्यांना शिकवलं. मोठ्या मांजराची मानगूट धरतो तो फक्त शत्रू, नाहीतर बोका. आता जगभरचे मांजरांचे डॉक्टर हेच सांगतात, म्हणजे मी काही नवं केलं नाही. उशिरा केलं.

चमत्कार झाला असं समजू नका. ओरखडे अजून पडतात. पण त्या वर्षी बंदी उठून, नारळी पौर्णिमेच्या आसपास, मिरकरवाड्यातून एक भाभी आली. हातात थर्माकोलची मासळीची पेटी, झाकणाला सुरीने पाडलेली भोकं, वर ओढणी टाकलेली. आत तांबडा बोका. अगदी त्या खेळातल्यासारखा, फक्त एक कान कुरतडलेला. “कालपासून लाळ गाळतोय. तोंडाला काही लावत नाही.” पेटी फळीवर ठेवली. झाकण बाजूला केलं. बोक्याने मला बघितलं, मग वर बघितलं, फळीच्या उंचीचा अंदाज घेतला आणि बसून राहिला. मी टॉवेल त्याच्या अंगाभोवती घेतला आणि अंगठ्याने खालचा जबडा उघडला. जिभेखाली नायलॉनचा दोरा. कुठलंही मांजर लाळ गाळत आलं की आधी जिभेखाली बघायचं. दोरा तिथेच गुंतून बसतो आणि दुसरं टोक आतड्यापर्यंत जाऊ शकतं.

“दोरा दिसत होता का बाहेर?”

“व्हता ना. ओढला म्या. म्हटलं निघंल.”

ओढल्याने दोऱ्याला लावलेला गळ घशाच्या मागच्या बाजूला पक्का रुतला होता. भूल दिली. गळाला उलटा काटा असतो, तो आल्या वाटेने मागे येत नाही, मांस फाडतो. टोक पुढे ढकलून बाहेर काढायचं, काटा कटरने तोडायचा, आणि मग दांडी मागे घ्यायची. पंचवीस मिनिटं लागली. शुद्धीवर येताना तो डुलत डुलत उठला, पेटीच्या कडेवरून उडी मारायला गेला, चुकला, पेटीतच आडवा झाला आणि लगेच पुढचा पाय चाटायला लागला. मला त्या माँपेलिएच्या लोकांना दाखवावंसं वाटलं.

मुलगा म्हणतो की कुणीतरी मिरकरवाड्यावर खेळ करायला हवा. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० साली ‘राजी’ काढला, तो जगभर खेळला गेला, पण त्यात नायिका माणसाची मुलगी आहे. इथे बोका असेल. बंदीचे ६१ दिवस काढायचे, एवढाच खेळ. मी म्हटलं, कर, पण उड्या चुकू देत.

तोपर्यंत बंदराकडच्या आणि गरी टाकून बसणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. मांजराच्या तोंडातून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका आणि तोंडाशी कापूही नका. आहे तसा ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. न्यायला पिंजरा नसेल तर भोकं पाडलेलं खोकं चालतं, वर फडकं टाका. आणि दवाखान्यात कुणी म्हटलं की ठेवा तिथे खाली, तर ठेवू नका. मांडीवर घ्या.